उजेडाने चढवलेलं तांबं

जुलैमधली दुपार होती. मुंबईचा पाऊस खिडकीच्या काचांवर आपटत होता आणि भर दुपारी प्रयोगशाळेत ट्यूबलाइट लावाव्या लागल्या होत्या. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी फ्लास्कसमोर बसून होती. फ्लास्कमध्ये दुधासारखं पांढरं पाणी, त्यात चिमूटभर मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), थोडं मिथेनॉल. एका नळीतून नायट्रोजनचे बुडबुडे सोडलेले, तळाशी चुंबकाची कांडी फिरतेय आणि शेजारी अतिनील दिवा. अर्ध्या-पाऊण तासात ते दूध जांभळट झालं, मग मातकट करडं. तिने उत्साहाने मला बोलावून दाखवलं. तांबं बसलं होतं.

तिने दिवा बंद केला, बूच काढलं आणि द्रावण गाळायला ठेवून चहाला गेली. परत येऊन बघते तर गाळणकागदावर पांढरीशुभ्र भुकटी.

"मॅडम, तांबं गेलं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर आधी ते बसलं कसं हे सांगावं लागतं, आणि त्यासाठी पांढऱ्या भुकटीपासून सुरुवात करावी लागते.

ती भुकटी म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. आपल्या घरातल्या भिंतींचा पांढरा रंग, सनस्क्रीनची ट्यूब, कितीतरी टूथपेस्ट, सगळीकडे हीच आहे. तिचा कच्चा माल आपल्याला फार लांबचा नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू काळसर चमकते, तिच्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं. लोह, टिटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं ते संयुग. त्यातलं लोह काढून टाकलं की काळ्या वाळूतून जगातला सर्वांत वापरातला पांढरा रंग निघतो.

या पांढऱ्या रंगाची एक खोड रंगारी फार पूर्वीपासून ओळखून आहेत. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या भिंतीला टेकलं की शर्टाला पांढरी भुकटी लागते. त्यामागे कारणं अनेक असतात, पण एक कारण खुद्द टिटॅनियम डायऑक्साइड आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते चेतवलं जातं आणि ज्या रेझिनने रंग भिंतीला धरून ठेवलेला असतो, तेच रेझिन ते हळूहळू कुरतडतं. म्हणून चांगल्या बाहेरच्या रंगात या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं पातळ कवच चढवतात. रंगवाल्यांना जी खोड नको, तीच आम्हाला हवी असते. उजेड पडल्यावर स्वतः न संपता दुसऱ्याची रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या अशा पदार्थाला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

हे चेतवणं म्हणजे काय, ते मी वर्गात चाळीच्या मदतीने सांगते. दोन मजली चाळ आहे. खालचा मजला खचाखच भरलेला, एकही खोली रिकामी नाही. वरचा मजला पूर्ण रिकामा. आणि मध्ये जिनाच नाही. इलेक्ट्रॉन सगळे खाली. कुणाला वर जायचं असेल तर एका उडीतच जावं लागेल, अर्ध्यावर थांबायला पायरी नाही. ही उंची टिटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या रूपात साधारण ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी छोटं एकक) असते, रूटाइल या दुसऱ्या रूपात साधारण ३.०. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, येऊन इलेक्ट्रॉनला धक्का देतो. तो पुरेसा जोरकस असेल तर इलेक्ट्रॉन वर जातो, नसेल तर जागचा हलत नाही. दोन अशक्त फोटॉनांचा जोर एकत्र करून भागत नाही.

प्रकाशाची लहर जितकी आखूड, तितका तिचा फोटॉन जोरकस. ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची उडी म्हणजे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लांबीच्या लहरी. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरच्या पुढचा. म्हणून डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा उजेड या भुकटीला निरुपयोगी आहे. तो ती परत फेकते आणि त्यामुळेच पांढरी दिसते. सूर्यप्रकाशात तिच्या कामाचा अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. मुंबईच्या मे महिन्यात गच्चीवर हा प्रयोग झकास होतो, जुलैत दिवा लागतो.

इलेक्ट्रॉन वर गेला की खाली त्याची खोली रिकामी होते. या रिकाम्या जागेला पुस्तकात 'होल' म्हणतात. ती नुसती पोकळी नसते. शेजारचा इलेक्ट्रॉन तिच्यात सरकतो, मग त्याची जागा रिकामी, मग त्याच्या शेजारचा. असं करत ती रिकामी जागाच खालच्या मजल्यावर फिरत राहते. आणि ती विलक्षण भुकेली असते. पृष्ठभागाशी पोहोचली तर समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेते. भिंतीवरच्या रेझिनची वाट लावणारी हीच.

१९७२ साली जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी रूटाइलच्या स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन असं विघटन करून दाखवलं. तेल महाग होत चाललेल्या त्या दशकात या शोधाने जगभरच्या प्रयोगशाळा या पांढऱ्या भुकटीकडे वळल्या. पण एक अडचण तेव्हापासून आजपर्यंत पिच्छा सोडत नाही. वर गेलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काहीही काम न करता पुन्हा खालच्या रिकाम्या जागेत येऊन पडतात, तेही सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाच्या आतच. उजेडाची कमाई नुसत्या उष्णतेत जाते. या दोघांना अलग ठेवायचं कसं, यावरच या सगळ्या विषयाचा डोलारा उभा आहे.

वरच्या इलेक्ट्रॉनला जायला दुसरी बरी जागा द्यायची, हा त्यावरचा एक जुना उपाय. कणाच्या पृष्ठभागावर धातूचा एक ठिपका बसवला, तर इलेक्ट्रॉन त्या ठिपक्यात उतरतो आणि तिथे साठतो. रिकामी जागा मागे राहते. दोघांची ताटातूट झाली. आणि गंमत अशी की हा ठिपका बसवायचं कामही त्याच इलेक्ट्रॉनांकडून करून घेता येतं. १९७८ साली टेक्सास विद्यापीठात बर्नहार्ड क्रॉइटलर आणि ॲलन बार्ड यांनी ॲनाटेजच्या भुकटीवर फक्त प्रकाशाच्या जोरावर प्लॅटिनमचे बारीक कण बसवले. पद्धत इतकी साधी की आजही ती जवळपास तशीच वापरली जाते.

प्लॅटिनम काम उत्तम करतं. पण मुंबईत सोन्याचांदीचा झवेरी बाजार आणि तांब्या-पितळेचा तांबाकाटा यांच्यात चालत काही मिनिटांचं अंतर आहे. एकीकडे धातू ग्रॅमवर विकला जातो, दुसरीकडे किलोवर. ज्या तंत्रज्ञानातून स्वस्त इंधन किंवा स्वच्छ पाणी मिळवायचं, ते प्लॅटिनमवर उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तांबं.

तांबं बसतं कसं, हे समजायला शाळेतला एक प्रयोग पुरे आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की थोड्या वेळात त्याच्यावर लालसर थर चढतो आणि निळा रंग फिका पडतो. लोखंड दोन इलेक्ट्रॉन सोडतं, द्रावणातला तांब्याचा आयन ते घेतो आणि धातू होऊन खिळ्यावर बसतो. आमच्या फ्लास्कमध्येही हेच होतं, फरक एवढाच की इलेक्ट्रॉन देणारा खिळा नाही, उजेड आहे. प्लेटिंगवाल्याकडे जे काम बॅटरी किंवा रेक्टिफायर करतो, ते इथे प्रत्येक कण स्वतःपुरतं करतो. तारा नाहीत, इलेक्ट्रोड नाहीत. प्रत्येक कण एक छोटं प्लेटिंगचं दुकान.

अर्थात वाटेल तो धातू असा बसत नाही. रसायनशास्त्रात धातूंना इलेक्ट्रॉन किती हवेसे वाटतात याची व्होल्टमध्ये मोजलेली एक यादी आहे, शाळेतल्या सक्रियता श्रेणीचं मोठं भावंड. हायड्रोजन शून्यावर धरला, तर तांबं अधिक ०.३४ वर आणि जस्त उणे ०.७६ वर. टिटॅनियम डायऑक्साइडच्या वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रॉन शून्याच्या थोडा उणे बाजूला असतो. म्हणजे तांब्याकडे त्याला उतार आहे, जस्ताकडे चढ. सोनं, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम सहज बसतात, तांबं बऱ्यापैकी, जस्त नाही.

आता फ्लास्कमधली बाकीची मंडळी. मिथेनॉल कशाला? कारण इलेक्ट्रॉन तांब्याला दिला तरी मागची रिकामी जागा तशीच भुकेली राहते. तिला काही मिळालं नाही, तर ती नुकतंच बसलेलं तांबंच खाऊन टाकते, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्याला परत पाण्यात ढकलते. मिथेनॉल स्वतःचा इलेक्ट्रॉन सहज देतं आणि तिला शांत करतं. एवढ्यावर ते थांबत नाही. एक इलेक्ट्रॉन गेलेला मिथेनॉलचा तुकडा इतका अस्थिर असतो की तो दुसरा इलेक्ट्रॉनही आपणहून वरच्या मजल्यावर देऊन मोकळा होतो. फोटॉन एक, इलेक्ट्रॉन दोन. विद्युत-रसायनशास्त्रात याला 'करंट डबलिंग' म्हणतात, आणि तांब्याच्या एका आयनाला धातू व्हायला लागतात नेमके दोन इलेक्ट्रॉन. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो. मिथेनॉल विषारी आहे, डोळ्यांवर जातं. नवख्या मुलांना मी इथेनॉल किंवा ग्लिसरीन देते. काम थोडं हळू होतं, पण होतं.

नायट्रोजन कशासाठी, तर ऑक्सिजनला बाहेर काढायला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो आणि तांब्याच्या आधी तोच हात मारतो. अर्धा तास बुडबुडे सोडले नाहीत, तर दिवा लावून बराच वेळ बसलं तरी दूध पांढरंच राहतं. पहिल्यांदा करणारे नव्वद टक्के वेळा इथेच चुकतात, असं माझं निरीक्षण आहे.

पीएचचं गणित थोडं नाजूक. द्रावण फार आम्लधर्मी असेल तर कणांच्या पृष्ठभागावर धन भार येतो आणि धन भाराचा तांब्याचा आयन जवळ फिरकत नाही. उदासीनतेच्या फार जवळ गेलं तर तांबं हायड्रॉक्साइड होऊन निळसर साक्यासारखं खाली बसतं, उजेडाशी काहीही संबंध न ठेवता. मधली चिंचोळी जागा पकडावी लागते. आम्ही चार ते पाचच्या आसपास ठेवतो.

आता मोजमाप. एक ग्रॅम भुकटीवर वजनाने एक टक्का, म्हणजे १० मिलिग्रॅम तांबं बसवायचं, तर मोरचूद लागतो जेमतेम ३९ मिलिग्रॅम. आणि भुकटीचं क्षेत्रफळ किती असावं? प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरली जाणारी पी-२५ नावाची भुकटी वीस-एक नॅनोमीटरच्या कणांची असते. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण ५० चौरस मीटर. म्हणजे ५४० चौरस फूट. ग्रॅमभर भुकटीत मुंबईतला एक वन बीएचके! त्या घरात १० मिलिग्रॅम तांबं एका अणूच्या जाडीने पसरलं, तर कसाबसा दहावा भाग झाकला जाईल, छोट्या स्वयंपाकघराएवढा. प्रत्यक्षात ते असं पसरतही नाही. पहिला अणू जिथे बसतो तिथे पुढचा इलेक्ट्रॉन अधिक सहज येतो, त्यामुळे पुढचं तांबंही तिथेच बसतं आणि इकडेतिकडे बारीक ढेकळं तयार होतात.

ती ढेकळं कुठेही उगवत नाहीत, हा या पद्धतीचा खरा गुण. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर जिथे बाहेर पडतो, तिथेच धातू बसतो. ॲनाटेजच्या नीट घडवलेल्या स्फटिकांवर प्लॅटिनम एका प्रकारच्या पैलूंवर बसतं आणि रिकाम्या जागांच्या कामातून तयार होणारं शिशाचं ऑक्साइड दुसऱ्या पैलूंवर. जणू स्फटिक स्वतःच खुणा करून सांगतो की इलेक्ट्रॉन इकडून निघतात आणि होल तिकडून. भुकटी मोरचुदात भिजवायची, सुकवायची आणि भट्टीत भाजायची, ही दुसरी रूढ पद्धत. तीत तांबं पाणी जिथे सुकेल तिथे पडतं. प्रकाशाने बसवलेलं तांबं मात्र कामाच्या जागीच असतं, आणि सगळं खोलीच्या तापमानाला होतं.

आणि प्रमाण? जास्त तांबं म्हणजे जास्त काम, असा समज सुरुवातीला प्रत्येकाचाच होतो. एका मर्यादेनंतर ठिपके भुकटीवर सावली धरतात, उजेड आतपर्यंत जातच नाही. शिवाय मोठ्या ढेकळांमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल दोघेही येऊन पुन्हा भेटू लागतात. सोय करायला बसवलेली जागाच मग त्यांच्या भेटीची जागा होते.

आता त्या मुलीचा प्रश्न. आमच्या घरी तांब्याचं घंगाळ आहे. मुंबईच्या दमट हवेत ते आठवड्यात काळवंडतं, आणि आई चिंच चोळून ते लख्ख करते. हवेतला ऑक्सिजन तांब्याचं ऑक्साइड करतो आणि चिंचेतलं आम्ल ते ऑक्साइड विरघळवून नेतं. फ्लास्कमध्ये हेच झालं, फक्त प्रचंड वेगाने. घंगाळात तांब्याचे असंख्य थर एकाखाली एक असतात, वरचा काळा पडला तरी आतलं शाबूत. दोन नॅनोमीटरच्या तांब्याच्या कणात मात्र अणू असतात साधारण साडेतीनशे, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास पृष्ठभागावरच. आत लपायला जागाच नाही. तिने बूच काढलं, हवा आत गेली, द्रावण किंचित आम्लधर्मी होतंच. तांब्याने दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला दिले आणि आयन होऊन ते पाण्यात परत गेलं. गाळणकागदावर उरली पांढरी भुकटी, आणि तांबं खालच्या चंचुपात्रात, गाळलेल्या पाण्यात, इतकं विरळ की डोळ्यांना निळेपणाही दिसू नये.

मी तिला ते पाणी आणि ती भुकटी परत एकत्र करायला सांगितली. थोडं मिथेनॉल, नायट्रोजन, दिवा. पाऊण तासात पुन्हा जांभळट. या वेळी तिने आपणहून हवा सोडली आणि रंग विरताना पाहत उभी राहिली. मग पुन्हा दिवा.

प्लॅटिनम असं वागत नाही. ते बसलं की बसलं. त्यामुळे तांब्यावर काम करणाऱ्याला एक प्रश्न सतत स्वतःला विचारावा लागतो: या क्षणी माझ्या भुकटीवर कोणतं तांबं आहे? धातू, क्युप्रस ऑक्साइड (तांब्याच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन दिलेलं) की क्युप्रिक (दोन दिलेलं)? तिघांचे स्वभाव वेगळे. क्युप्रस ऑक्साइड स्वतःच अर्धवाहक आहे, त्याची उडी दोनेक इलेक्ट्रॉन-व्होल्टची, त्यामुळे ते दिसणारा उजेडही पकडतं. प्रयोगानंतर भुकटी बाटलीत भरून दुसऱ्या संस्थेत क्ष-किरणांच्या तपासणीला पाठवली, तर वाटेतच ती हवेने बदललेली असते. वर त्या उपकरणाचे क्ष-किरण स्वतःच क्युप्रिकचं क्युप्रस करू शकतात. शिवाय धातू आणि क्युप्रस या दोघांची तपासणीच्या आलेखातली नेहमीची शिखरं तिथे जवळजवळ एकाच जागी येतात. वेगळं ओळखायला ऑजे इलेक्ट्रॉनांची, म्हणजे क्ष-किरणांचा धक्का बसल्यावर अणू मागाहून सोडतो त्या इलेक्ट्रॉनांची, नोंद पाहावी लागते. 'आमच्या भुकटीवर धातुरूप तांबं आहे' असं वाक्य कुठे वाचलं की ती हवेला लागू न देता तपासली होती का, हे मी आधी शोधते.

हायड्रोजन बनवणाऱ्यांनी यातून व्यवहारी मार्ग काढला आहे. तांबं वेगळं बसवायचं, गाळायचं, सुकवायचं, हे सगळं सोडून द्यायचं. ज्या बंद पात्रात हायड्रोजन बनवायचा, त्यातच मोरचुदाचे थेंब टाकायचे. दिवा लागला की पहिली काही मिनिटं इलेक्ट्रॉन तांबं बसवण्यात खर्च होतात, मग त्याच तांब्यावर ते पाण्यातल्या प्रोटॉनांना मिळून हायड्रोजनचे बुडबुडे निघू लागतात. भुकटीवर आधीपासून तांब्याचं ऑक्साइड असलं तरी बिघडत नाही, उजेडात त्याचंही तसंच होतं. प्लॅटिनमची बरोबरी तांबं करत नाही, पण नुसत्या टिटॅनियम डायऑक्साइडपेक्षा कितीतरी सरस ठरतं.

आणि ज्या गोष्टीने ती मुलगी रडवेली झाली होती, तिचाही उपयोग आहे. प्लेटिंगच्या कारखान्यांतून धुण्याचं जे पाणी निघतं, त्यात तांबं असतं, पण फार विरळ. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. विरळ तांबं मोठ्या पाण्यातून वेचून काढणं त्रासाचं काम. तिथे हीच भुकटी टाकून, हवा काढून, उजेड दिला की तांबं पाण्यातून कणांवर येतं. भुकटी खाली बसू द्यायची, वरचं पाणी हवा न लागू देता काढून घ्यायचं. मग तळाच्या भुकटीवर अगदी थोडं आम्ल घालून हवेचे बुडबुडे सोडायचे. तांबं उतरतं, पण आता दहा लिटर पाण्यात नाही, पेलाभर पाण्यात. तिथे ते निळं दिसतं. भुकटी पुन्हा पांढरी, पुढच्या फेरीला तयार.

त्या मुलीने आपल्या प्रकल्पाचा विषय बदलून हाच घेतला. सप्टेंबरपर्यंत तिच्या टेबलावर लहान लहान बाटल्यांची रांग होती, प्रत्येक बाटलीत एकेका फेरीचं निळं पाणी.